पेरणीपासून दोन पानांपर्यंत



सूर्यफुलाचं तेल आपल्या स्वयंपाकघरात इतकं रुळलं आहे, की ते पहिल्यापासून होतंच असं वाटतं. तसं नाही. माझ्या सासूबाई लग्न होऊन सिन्नरला आल्या तेव्हा घरात तेल असायचं शेंगदाण्याचं, नाहीतर करडईचं, तेही घाण्यावरून डबा भरून आणलेलं. सूर्यफूल म्हणजे शाळेच्या बागेत एखाद्या कोपऱ्यात दिसणारं शोभेचं झाड. शेतात पेरायचं पीक म्हणून ते आपल्याकडे आलं ते पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीच.

मूळचं ते उत्तर अमेरिकेतलं. तिथल्या मूळ रहिवाशांनी चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ते लागवडीखाली आणलं. सोळाव्या शतकात स्पेनच्या लोकांनी ते युरोपात नेलं. तिथे बरीच वर्षं ते बागेतच राहिलं. रशियात पोचल्यावर मात्र त्याचं नशीब पालटलं. क्रास्नोदारला पुस्तोवोइत नावाच्या शास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं निवड करत करत बियांतलं तेलाचं प्रमाण पुष्कळ वाढवलं. त्यांच्या 'पेरेडोविक' वाणासह काही वाण १९६९ साली सोव्हिएत रशियातून भारतात आले. पेरेडोविकला इथे 'ईसी ६८४१४' असा रुक्ष क्रमांक मिळाला. पुढे कॅनडाहून बुटका, लवकर येणारा 'मॉर्डेन' आला, आणि १९८० साली बेंगळूरुला 'बीएसएच-१' हा आपला पहिला संकरित वाण तयार झाला.

शेतकऱ्यांच्या रानात हे पीक शिरलं ते १९७२च्या सुमारास. ते साल सिन्नरकरांना वेगळं सांगायला नको. गोंदेश्वराचं मंदिर आणि यादवांची जुनी राजधानी म्हणून लोक आपलं गाव ओळखतात, पण तालुक्याचा पूर्वेकडचा भाग ओळखतो तो दुष्काळ. इगतपुरीला कोसळणारे ढग आमच्याकडे येईपर्यंत रिकामे झालेले असतात. १९७२ला खडी फोडायला गेलेल्या, सुकडीवर आणि मिलोच्या भाकरीवर दिवस काढलेल्या बायका अजून आपल्यात आहेत. अशा वेळी थोड्या पाण्यावर, तीन महिन्यांच्या आसपास, खरीप-रब्बी-उन्हाळी कुठल्याही हंगामात येणारं तेलबियांचं पीक म्हणजे मोठाच आधार वाटला असणार. सिन्नरला ते बाजरी-कांद्यापुढे थोडंच टिकलं. त्याचं खरं घर झालं ते सोलापूर, लातूर, धाराशिव, बीडकडे.

बियाणं आलं, खताचं कोष्टक आलं, दोन ओळींतलं अंतर आलं. राखणीची रीत मात्र बियाण्याबरोबर आली नाही, असं मला वाटतं. आणि या पिकाला राखण आपल्या जुन्या पिकांपेक्षा वेगळी लागते.

ज्वारी-बाजरी उगवते तेव्हा तिचा वाढणारा शेंडा पहिले काही दिवस मातीच्या खालीच असतो. वर आलेलं पातं पाखरानं खुडलं तरी खालून दुसरं येतं. सूर्यफुलाचं उलट. ते बी डोक्यावर घेऊन वर येतं. आधी वाकलेली पांढरट मान माती फोडते, मग ती सरळ होते, आणि टोकाला टरफलाची टोपी घातलेली दोन जाड दळं दिसतात. वाढीचा शेंडा त्या दोन दळांच्या मधोमध असतो. कावळ्याला, होल्याला, साळुंकीला ती टोपी म्हणजे जमिनीवर वाढून ठेवलेला दाणाच. त्यांनी टोपी ओढली की शेंडाही गेला, आणि ते रोप परत फुटत नाही. म्हणून पाखरं बाजरीच्या पेरणीत फिरली तर पीक विरळ होतं, पण सूर्यफुलाच्या पेरणीत दोन सकाळी फिरली तर ओळच्या ओळ नाहीशी होते. त्यात रात्री उंदीर ओळ धरून बी उकरत जातात, दिवसा खार येते, मोर येतो. आणि शेजारच्या येवल्यात ममदापूरच्या बाजूला ज्यांची शेतं आहेत त्यांना काळविटांचं वेगळं सांगायला नको.

धोक्याचे दिवस तसे मोजकेच. पेरल्यापासून पाच ते दहा दिवसांत उगवण, नंतर टरफल गळून खरी दोन पानं फुटेपर्यंत आणखी चार-सहा दिवस. दाणा भरतानाचा पोपटांचा त्रास पुढे असतोच, तो वेगळा विषय. या लेखात मी पेरणीपासून दोन पानांपर्यंतच्या दिवसांबद्दलच लिहिते आहे.

राखणीचं काम आपल्या भागात किती जुनं आहे याचा पुरावा आपल्या सर्वांत जुन्या वाङ्मयात आहे. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे. त्याच प्राकृताच्या एका रूपात आपल्या आचार्यांनीही ग्रंथ लिहिले. विमलसूरींचं पउमचरिय हे त्यांतलं. (संवत्सरी पंचमीची चतुर्थीला आणणाऱ्या कालकाचार्यांच्या कथेत पैठणचा सातवाहन राजा येतो, तो याच घराण्यातला.) गाथासप्तशतीत गोदावरी पुन्हा पुन्हा येते, आणि येतात भाताच्या शेतावर बसून पोपट हाकणाऱ्या मुली. कवींना त्या मुलींच्या रूपात आणि प्रेमात जास्त रस होता हे खरं. पण त्या तिथे बसलेल्या होत्या त्या कामासाठी. दोन हजार वर्षांपूर्वीही शेताच्या राखणीला घरातली मुलगीच असायची.

मराठीत या कामाला स्वतंत्र क्रियापदच आहे: सोंकारणं. पाखरं हाकणारा किंवा हाकणारी ती सोंकारी. शेतात चार खांबांवर माळा बांधायचा, वर बसायचं, हाकारे घालायचे, पत्र्याचा डबा वाजवायचा, गोफण फिरवायची. गोफणीचा दगड पाखराला लागावा असा हेतू बहुधा नसे. सुटताना होणारा तिचा फटकाराच पुरेसा असे. तरी दगड तो दगडच. संतचरित्रांत तुकोबांची एक गोष्ट सांगतात. त्यांना शेत राखायला बसवलं, आणि त्यांनी पाखरांना मनसोक्त खाऊ दिलं. मालक पंचांकडे गेला, पण कणसांत दाणा उलट जास्तच भरला. चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट त्यात स्पष्ट दिसते. राखणदाराला धान्याच्या रूपात मजुरी ठरलेली असे, आणि त्यानं कामात कसूर केली तर गाव जाब विचारत असे. राखण हे मोलाचं काम होतं.

आता सूर्यफुलाच्या माहेरी काय करत होते ते पाहा. अमेरिकेत मिसूरी नदीकाठी हिदात्सा नावाचे लोक राहत. तिथे शेती बायकाच करत. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंनी, ज्यांना इंग्रजीत बफेलो बर्ड वूमन म्हणत, आपल्या शेतीची सगळी माहिती गिल्बर्ट विल्सन नावाच्या अभ्यासकाला सांगितली, आणि १९१७ साली तिचं पुस्तक झालं. वसंतात सगळ्यांत आधी पेरायचं ते सूर्यफूल, असं त्या सांगतात. संपूर्ण शेतभर नाही, तर शेताच्या कडेनं, लांब लांब आळी करून, एका आळ्यात तीन बिया, बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत खोल दाबून. मक्याच्या शेतात लाकडी माळा बांधत आणि त्यावर मुली बसत, गाणी म्हणत राखण करत. गोदाकाठ आणि मिसूरीकाठ यांना एकमेकांचा पत्ता नव्हता, तरी माळा तोच आणि माळ्यावरची मुलगीही तीच!

त्यांच्या बुजगावण्याचं वर्णन वाचताना मला हसू आवरेना. दोन काठ्यांचे पाय, दोन काठ्यांचे हात, टाकाऊ कातड्यांच्या गोळ्याचं डोकं, वर जुनं पांघरूण आणि कमरेला पट्टा. ते इतकं भीतीदायक दिसे की करणारीलाही कधी कधी भीती वाटे. पण ते जागचं हलत नाही हे कावळ्यांच्या लक्षात आलं की थोड्याच दिवसांत कावळे परत. पक्षी घाबरतो तो हालचालीला आणि बदलाला. आपल्याकडच्या शेतात वर्षभर एकाच जागी उभ्या असलेल्या सदऱ्यावर कावळा बसलेला आपण सगळ्यांनीच पाहिला आहे.

मग आपल्याकडच्या सूर्यफुलाचं पुढे काय झालं? १९९०च्या दशकात देशात सूर्यफुलाखाली २० लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्र होतं. आज ते तीन लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आलं आहे. बाहेरून स्वस्त तेल येऊ लागलं, १९९७च्या सुमारास फुलकिड्यांमुळे पसरणाऱ्या नेक्रोसिस रोगानं कर्नाटक-महाराष्ट्रात पीक मारलं, भाव पडले. २०२२च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि आपल्या डब्याचा भाव भडकला, तेव्हा कळलं की आपण खातो ते सूर्यफूल बहुतेक काळ्या समुद्राच्या काठचं. या घसरणीत पाखरांचा वाटाही आहे, आणि तो वाढत जाणारा आहे. शंभर शेतांत सूर्यफूल असतं तेव्हा पाखरांचं खाणं शंभरांत विभागतं, कुणाला जाणवत नाही. गावात एकाच शेतात उरलं की शिवारातली सगळी पाखरं तिथेच उतरतात. तो एकटा शेतकरी पुढच्या वर्षी पेरत नाही, आणि संपलं.

माळ्यावर बसायलाही कुणी राहिलं नाही. याची मी तक्रार करत नाही. मुली शाळेत गेल्या, बायका मुसळगाव-माळेगावच्या कारखान्यांत गेल्या, काही घरी विड्या वळत राहिल्या. चार पैसे मिळणाऱ्या कामासमोर दिवसभर पाखरं हाकणं कोण करणार? पण काम उरलं आणि माणूस गेला, की त्या जागी काहीतरी येतं. एक आलं ते निरुपद्रवी. एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला चंदेरी अशी चमकणारी फीत पीळ देऊन ताणायची. ती उन्हात चमकते, वाऱ्यात गुणगुणते. आपल्या लोकांनी हाच शोध जुन्या कॅसेटच्या फितीवर लावला होता. आमच्या घरच्या स्तवनांच्या कॅसेटही शेवटी शेतात गेल्या. आणि साड्या! रानडुक्कर, हरीण येऊ नये म्हणून जुन्या साड्यांचं कुंपण आता अर्ध्या महाराष्ट्रात दिसतं. त्यासाठी बाजारात साड्या किलोवर मिळतात. कुणाकुणाच्या काठपदराच्या त्या असतील, असं रस्त्यानं जाताना नेहमी मनात येतं.

दुसरं आलं ते विष. त्यावर मला थोडं थांबायचं आहे.

सूर्यफुलाचं बियाणं आज बहुधा रंगीत लेप लावलेलं मिळतं. त्यात बुरशीनाशक असतं, आणि फुलकिड्यांसाठी इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक लावण्याची शिफारस आहे. कारण खोटं नाही. नेक्रोसिसनं बुडालेल्या शेतकऱ्याला विचारा. पण तो दाणा मातीवर उघडा राहिला तर चिमणीएवढ्या पाखराला मोजके दाणे पुरतात. याच गटातल्या तीन औषधांवर युरोपीय संघानं २०१८ साली उघड्या शेतात बंदी घातली, ती मुख्यतः मधमाश्यांसाठी. आपल्याकडे फोरेटसारख्या जहाल दाणेदार औषधाचा वापर २०२०च्या अखेरीस बंद करण्यात आला. तरी पेरणीच्या दिवसांत औषध लावलेलं बी खाऊन मोर मेल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतातच. मोर १९६३ साली राष्ट्रीय पक्षी झाला, १९७२च्या कायद्यानं त्याला पूर्ण संरक्षण मिळालं, आणि तो मरतो आहे बांधावर सांडलेल्या मूठभर बियाण्यानं. पूर्वी पाखरू दाणा खायचं आणि आपण त्याला हाकायचो. आता हाकणारं कुणी नाही, आणि दाणा खाल्लेलं पाखरू परत उडत नाही. हा फरक आपल्यासारख्या, पाणीही गाळून पिणाऱ्या घरांतल्या बायकांना कळायला वेळ लागू नये.

आपल्याकडे याच प्रश्नाची एक कथा आहे, आणि ती तुम्ही दर अक्षय तृतीयेला ऐकता. असि, मसि, कृषि शिकवणारे ऋषभदेव दीक्षेनंतर वर्षाहून जास्त काळ आहाराविना फिरले, आणि हस्तिनापूरला श्रेयांसकुमारांनी दिलेल्या उसाच्या रसानं त्यांचं पारणं झालं. वर्षीतप करणाऱ्यांची पारणी त्याच दिवशी होतात. एवढा अंतराय का आला? मळणीत बैल धान्य खातात म्हणून शेतकरी त्यांना मारत होते. त्यांना मुसकी बांधा, असा सल्ला ऋषभदेवांनी दिला होता. काम संपलं, पण मुसकी काढा हे सांगायचं राहिलं. बैल चारा-पाण्यासमोर उपाशी उभे राहिले. कुठे ही गोष्ट पूर्वभवातली म्हणून सांगतात, कुठे राज्यकाळातली. लहानपणी मला ती कठोर वाटे. आता मी ती शेतकऱ्याच्या बाजूनं ऐकते. मुसकं हा मारापेक्षा दयेचाच उपाय होता. धान्य राखणं हा दोष नाही. दोष आहे काम झाल्यावरही बांधलेलं मुसकं.

हे मी जाळीच्या संदर्भात लिहिते आहे. हल्ली गच्चीवर, परसात, रोपांवर पातळ नायलॉनची जाळी टाकायची पद्धत आली आहे. तिनं बी वाचतं यात शंका नाही. पण ती सैल पडलेली असते, महिनोन्महिने तशीच राहते, आणि तिच्यात होल्याचा पाय किंवा सरड्याची मान अडकते. जाळी टाकायचीच तर ती चौकटीवर ताणून, जमिनीपासून वर, दिवसातून दोनदा बघून, आणि दोन पानं फुटली की त्याच दिवशी घडी करून आत.

आमची थोडी जमीन गावाच्या पूर्वेला आहे, वाट्यानं दिलेली. वाटेकरी तिथे कांद्याचं बी धरतात. आपण कांदा खात नाही आणि आपल्याच जमिनीत कांद्याचे डोंगळे उभे, यावर आमच्या घरात बरंच बोलून झालं आहे. ते पुन्हा कधीतरी. डोंगळ्यांना मधमाश्या लागतात, म्हणून कडेनं सूर्यफुलाच्या दोन ओळी असतात. दिवाळीनंतर, डोंगळ्याच्या गोंड्यांबरोबर फुलं येतील अशा बेतानं त्या पेरतात. हिदात्सा बायकांसारख्याच, कडेनं. बियाणं साधं, लेप न लावलेलं, घरचं. इतक्याशा ओळींसाठी विषाची गरजच पडत नाही.

बी रात्रभर भिजवून सावलीत सुकवतात, म्हणजे सगळं एकदम उगवतं आणि राखणीचे दिवस कमी होतात. आठवडाभर पुढेमागे उगवणारी ओळ राखणं सगळ्यात कठीण. दीड-दोन इंच खोल टोकून माती दाबतात आणि ओळीवरून फांदी ओढून माग पुसतात, कारण पाखरू आणि उंदीर दोघेही ओळीची खूण धरून चालतात. सांडलेला एकेक दाणा वेचून घेतात. पाखराला शेताचा पत्ता त्या सांडलेल्या दाण्यानंच लागतो. मग वर बाभळीच्या काटेरी फांद्या. काट्यांत पाखरू अडकत नाही, नुसतं उतरत नाही. राखेचा मला फारसा अनुभव चांगला नाही, पहिल्या दवात ती बसून जाते. घराच्या परसात चार-सहा बियाच असतील तर प्रत्येकीवर छिद्र पाडलेली करवंटी उपडी घाला. मान दिसली की काढा, आणि भोवती काट्या खोवा.

राखण मात्र करावीच लागते, पण दिवसभर नाही. पाखरं उतरतात ती उजाडताना आणि पुन्हा ऊन कलल्यावर. सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचा एक. वाटेकऱ्याच्या घरच्या आजीबाई तेवढा वेळ बांधावर बसतात, भाजी निवडत, मध्येच एक हाक मारत. त्याची त्या वेगळी मजुरी घेतात, आणि ती घ्यायलाच हवी. त्याच वेळी विहिरीपलीकडच्या बांधावर मूठभर बाजरी आणि परातभर पाणी ठेवलेलं असतं. पाखरांचा घास तोडायचा नाही, फक्त जागा बदलायची, असं त्यांचं म्हणणं. त्या जैन नाहीत. जयणा हा शब्दही त्यांनी कधी ऐकला नसेल.

यंदा बाराव्या दिवशी दोन पानं झाली. तेराव्या दिवशी आजीबाईंनी काट्या उचलून शेळ्यांच्या वाड्याला लावल्या.